मुलांसोबतची दहा मिनिटं : काय दाखवायचं, कसं करायचं, कुठं गप्प बसायचं

शहापूर_पेठ :
मंडळी, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या आपल्या पट्ट्यातल्या आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी हा धागा काढतेय. विषय पोरांबरोबरच्या रोजच्या साध्या वेळेचा. सहल नको, खरेदी नको. दारातला पाऊस, परातीतलं पीठ, बांधावरची माती एवढ्यात खूप काही असतं, पण घाईत ते नजरेआड जातं. 'मुलांना वेळ द्या' हे सगळेच सांगतात. कोणती वस्तू घ्यायची, माप किती, वेळ कोणती, बिघडतं कुठं, हे सांगणारे कमी. इथं तेच लिहा.

सुरुवात मी करते. वेळ रोज तीच ठेवा आणि दहा मिनिटांत उठा. मूल रमलेलं असताना थांबलं की दुसऱ्या दिवशी ते स्वतः हाक मारतं. कंटाळेपर्यंत ताणलं तर उद्या बोलवावं लागतं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. फोटो काढायचाच असेल तर अगदी शेवटी एक, कारण कॅमेरा पुढं आला की मूल वस्तूकडं बघायचं सोडून आपल्याकडं बघायला लागतं.

बोलण्याचंही एक पथ्य आहे. 'किती छान!' म्हटलं की विषय तिथंच संपतो. जे दिसतंय तेवढंच बोला. 'थेंब पानाच्या टोकाला येऊन थांबलाय.' मग गप्प बसा आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो. तेवढ्यात आपण दुसरा प्रश्न टाकला की पहिल्याचं उत्तर हरवतं. माझ्या मते या सगळ्यात अवघड काम हेच आहे.

जांबोटी_रान :
ताई, चांगला विषय. मग मिरगापासूनच सुरू करूया. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. पहिला दमदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आल्यावर मोकळ्या जमिनीवर, गवताच्या कडेला लाल मखमली मिरगाचा किडा दिसतो. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीतच असतो, वर येतो तो थोडेच दिवस. म्हणून 'रविवारी बघू' म्हणू नका, दिसला त्या दिवशीच दाखवा.

चिमटीत उचलायचा नाही. मुलाचा तळहात जमिनीला टेकवून त्याच्या वाटेत ठेवायचा, तो आपणहून चढतो. हात लागला की पाय पोटाशी घेऊन गोळा होतो. हललं नाही तर थोड्या वेळानं पाय सोडतो, आणि तेच बघण्यासारखं. भिंग असेल तर पाय मोजायला सांगा. आठ भरतात. शेजारच्या मुंगीचे मोजा, सहा. म्हणजे हा किडा मुंगीच्या नव्हे, कोळ्याच्या गोतातला, आणि हे मुलानं स्वतः मोजून काढलेलं असतं. काड्यापेटीत कोंडून शाळेत न्यायची हौस असते, ती मोडून काढा. ओल गेली की तो सुकून मरतो. जिथून घेतला तिथंच सोडायचा, आणि सोडण्याचं काम मुलाच्याच हातानं करून घ्यायचं.

निपाणी_पर्जन्य :
पावसाचं मोजमाप हा मुलांसाठी फार मोठा आनंद आहे, आणि खर्च शून्य. दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या. अंगाला खाचा नसलेली, सरळ उभी असलेली निवडा. खाचांची बाटली घेतली की माप चुकतं, कारण प्रत्येक उंचीला घेर बदलतो. गळ्याकडं निमुळती व्हायला लागते तिथं मोठ्यांनी कापायची. वरचा तुकडा झाकण काढून उलटा आत बसवायचा, तो झाला नरसाळं. दोन्ही कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर हात कापतो.

बाटलीचा तळ उंचसखल असतो. आत मूठभर खडे टाका आणि सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा. त्या रेषेला शून्य. तिथून वर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी लावा, वरून पारदर्शक चिकटपट्टी ओढा. बाटली उघड्यावर, दोन विटांच्या मधे. भिंत दोन मीटर उंच असेल तर बाटली तिच्यापासून किमान चार मीटर लांब ठेवा. पागोळीखाली ठेवली तर छपराचं पाणी मोजलं जातं, झाडाखाली ठेवली तर पानं पाऊस अडवतात.

रोज सकाळी साडेआठला बघा, हवामान खातंही पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ धरतं. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा म्हणजे मुलाला उकिडवं बसावं लागतं, आणि ते त्यांना भारी आवडतं. पाण्याची कड बाटलीला थोडी चढलेली दिसते, आकडा मधल्या खोलगट भागाचा घ्यायचा. आकडा लिहिला की शून्यापर्यंत पाणी ओतून टाका. उघाड पडली की शून्याचं पाणीही उडून खाली जातं. पाऊस नसला तरी रोज ते भरून ठेवा, नाहीतर पुढचा आकडा कमी येतो. घाटमाथ्याकडं, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला मुसळधार दिवशी बाटली भरून वाहू शकते. तिकडच्यांनी संध्याकाळीही एकदा मोजून दोन्ही आकड्यांची बेरीज करावी.

आता गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. गच्ची तीन बाय तीन मीटरची आणि पाऊस २० मिलिमीटर, तर १८० लिटर. १५ लिटरच्या घागरीनं १२ घागरी. मूल एक भरलेली घागर उचलायला जातं, उचलत नाही, आणि आकाशाकडं बघतं. त्या वेळी आपण एक शब्दही बोलायची गरज नसते. कणकुंबीला कुणी पाहुणे असतील आणि अथणीला कुणी, तर त्याच सकाळचे दोघांचे आकडे फोनवर विचारून वहीत शेजारी शेजारी लिहा. एकाच जिल्ह्यात घाटमाथ्याची झड आणि पूर्वेची कोरड शेजारी बसते, हे मुलाला नकाशापेक्षा त्या वहीत लवकर दिसतं.

अनगोळ_आई :
एक विचारू का? मातीचे बैल करायला बसलं की पाय मोडतात, मान गळते आणि वाळल्यावर पोटाला भेगा जातात. मूल रडायला लागतं. यात काय करायचं?

मलप्रभाकाठ_खानापूर :
अक्का, याचं सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात मुलांनी हातानं करायची यापेक्षा सुंदर गोष्ट दुसरी नाही. कारहुणवी, म्हणजे आपल्याकडचा बैलांचा सण, ज्येष्ठ पौर्णिमेला, तिच्यानंतर पंधरा दिवसांनी ज्येष्ठ अमावास्येला मण्णेत्तिन अमावास्या, म्हणजे मातीच्या बैलांची. तिथून पुढं आषाढात गुळ्ळव्वा ही मातीची देवी, श्रावणात पंचमीचा नाग, भाद्रपदात गणपती आणि मागोमाग जोकुमार हा मातीचाच देव. पावसाळाभर मातीच पुजायची. पहिल्या बैलजोडीला हात बसला की पुढची सगळी मुलाला सोपी जातात.

माती. एक जोडी आणि छोटी गव्हाण करायला साधारण एक किलो वाळलेली माती लागते. निव्वळ काळी घेऊ नका. ती पाण्यानं फुगते आणि वाळताना तितकीच आकसते, म्हणून भेगा. काळीच मिळत असेल तर तीन वाट्यांना एक वाटी बारीक चाळलेली वाळू घाला. खानापूरकडची तांबडी चिकणमाती उत्तम, तिच्यावरच तर इथलं कुंभारकाम नावाजलं. रस्त्याकडेची, गटाराजवळची माती मुलांच्या हातात देऊ नका. ढेकळं फोडून जुन्या चाळणीनं चाळा, पाण्यात रात्रभर भिजवा, वरचं पाणी काढून गोणपाटावर पसरा. ओल थोडी ओढली गेली की दहा-पंधरा मिनिटं मळा. मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला, तो आतून मातीला धरून ठेवतो.

तयार झाली का ते असं बघा. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडकली तर पाणी कमी किंवा वाळू जास्त, बोटाला चिकटून आली तर ओली आहे, अजून मळा. ही परीक्षा मुलालाच करू द्या.

पाय मोडतात, कारण आपण ते वेगळे करून डकवतो. तसं करू नका. मोसंब्याएवढा एकच गोळा घ्या, लांबट करा आणि त्यातूनच चार पाय ओढून काढा. पाय अंगठ्याएवढे जाड आणि आखूड ठेवा. बैल आठ-दहा सेंटिमीटर उंच पुरे, मोठा केला की वजनानं बसतो. पोटाखाली कागदाचा बोळा टेकू म्हणून ठेवा, दुसऱ्या दिवशी काढा. वशिंड चिमटीनं वर ओढायचं. मानही ओढूनच काढायची, आणि पहिल्या दिवशी तिच्याखालीही टेकू द्यायचा.

शिंगं दुसऱ्या दिवशी, अंग थोडं कडक झाल्यावर. जिथं जोडायचं तिथं दोन्ही बाजूंना काडीनं आडव्याउभ्या रेघा ओढा, पातळ चिखल लावा आणि थोडं फिरवत दाबा. नुसतं पाणी लावून चिकटवलेलं शिंग वाळल्यावर गळून पडतं. पायात किंवा मानेत आधाराला काडी खुपसायची सवय बऱ्याच घरांत आहे. माती आकसते, काडी आकसत नाही, मग माती फाटते. भेगांचं मोठं कारण हेच. दुसरं कारण म्हणजे चुलीजवळ किंवा उन्हात वाळवणं. वरचा थर लवकर आकसतो, आतला ओलाच राहतो. पहिला दिवस ओलसर फडक्याखाली, मग सावलीत चार-पाच दिवस, झड लागली असेल तर आठवडा. म्हणजे अमावास्येच्या आठ-दहा दिवस आधी बसायला हवं. बारीक भेग दिसली तर त्याच मातीचा चिखल बोटानं भरा, कोरडी माती भरू नका.

डोळ्यांना गुंजा लावू नका, हे कळकळीनं सांगतो. गुंजेचं बी चावलं गेलं तर जिवावर बेततं. जोंधळ्याचे दाणे लावा. रंगाला चुना, गेरू, हळद. पूजा झाली की बैल बादलीत विरघळवून माती परसात परत. रासायनिक रंग लावला की ही माती परसात टाकता येत नाही.

आणि रडण्याबद्दल. मोडलेला पाय आपण चटकन दुरुस्त करून देतो, तिथं बैल आपला होतो. मुलाच्या शेजारी स्वतःचा बैल करत बसा. त्यानं विचारलं तर आपल्या बैलावर करून दाखवा, त्याच्या बैलाला हात लावू नका. पाठीवर उमटलेला त्याचा अंगठा पाण्याचा हात फिरवून गुळगुळीत करू नका. वाळल्यावर त्या ठशातल्या रेघा न् रेघा दिसतात, पुढच्या वर्षी त्याच अंगठ्याशी जुळवून बघता येतात. त्यासाठी त्याच मातीची एक चपटी टिकली करून तिच्यावर ठसा घ्या आणि जपून ठेवा, कारण बैल तर विरघळणार.

अनगोळ_आई :
काका, काडीचंच चुकत होतं म्हणजे. फार उपयोगी सांगितलंत. पण आम्ही दोघंही कामावर, घरी यायला सात वाजतात. तेव्हा माती नाही जमत. रोजचं काय करावं?

जोंधळा_अथणी :
सातला घरी आलात तरी भाकरी होतेच ना? मग परातीशी बसवा. मुलाच्या नावानं एक चानकी, म्हणजे छोटी भाकरी, रोज. एक वाटी जोंधळ्याच्या पिठाला पाऊण वाटीच्या आसपास गरम पाणी, पीठ जुनं असेल तर उकळतं. पीठ पंधरा दिवसांच्या वर गेलं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि थापताना कडा फाटतात, तेव्हा आधणाचं पाणीच वाचवतं. ते मोठ्यांनी उलथन्यानं कालवायचं. कोमट झाल्यावर लिंबाएवढा गोळा मुलाला द्या. तळव्याच्या मागच्या भागानं मळायचा, फुटणं थांबेपर्यंत.

परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापताना मूल मधेच जोर लावतं, भाकरी मधे पातळ आणि कडेला जाड होते, मग फुगत नाही. 'कडेकडेनं, गोल फिरव' एवढंच सांगा. तव्यावर टाकणं आपलं काम, मूल हातभर लांब. वरच्या बाजूला पाणी फिरवल्यावर त्याला ते पाणी बघत बसायला सांगा. चकाकी जाते, कडेकडून मधे कोरडं होत येतं, आणि ओल पूर्ण जायच्या आत उलटायची. उशीर झाला तर पांढरी पडून तडकते. 'आता उलट!' हे मुलानं सांगायचं. शेवटी ज्योतीवर ती टम्म फुगते तेव्हा मुलाचं तोंड बघा, दिवसभराचा शीण उतरतो. वाकडी झाली तरी ती त्यानंच खायची, किंवा ज्याला द्यावीशी वाटेल त्याला द्यायची. बहुतेक पोरं आजीला देतात.

अंगणवाडी_चिकोडी :
इथं आभाराचा मुद्दा जोडते. 'थँक्यू म्हण' असं दटावून म्हणायला लावलं की मूल शब्द शिकतं, भाव मागं राहतो. जेवताना प्रत्येकानं दिवसातली एक गोष्ट सांगायची, सुरुवात मोठ्यांनी. माणूस आणि त्याचं काम, दोन्ही नेमकं. 'सगळ्यांचे आभार' नको. 'घंटागाडीवरच्या मावशी पावसात थांबल्या, म्हणून आपला कचरा गेला' असं. मूल 'काही नाही' म्हणालं तर 'बरं' म्हणा आणि पुढं जा. पाठ लागलात की ती परीक्षा होते आणि चार दिवसांत बंद पडते. 'काही मुलांना एवढंही मिळत नाही' हे वाक्य टाळा. त्यानं मूल ओशाळतं. ओशाळलेल्या मुलाला घास गोड लागत नाही.

मोठ्या मुलांसाठी, सात-आठ वर्षांच्या पुढं, ताटातली एक वस्तू घ्या आणि उलटं चालत जा. भात, त्याआधी गिरणी, त्याआधी मळणी, कापणी, चिखलात वाकलेल्या बायका. बेळगावातल्या मुलांना हे शिवार वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरला प्रत्यक्ष दाखवता येतं. पाण्याचंही तसंच. शहराच्या नळाला राकसकोपचं पाणी येतं, ते धरण मार्कंडेय नदीवर, आणि घटप्रभेवरच्या हिडकलचंही येतं. मार्कंडेय पुढं घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. एवढं कळलं की नळ सुरू ठेवून दात घासणाऱ्या पोराला ओरडावं लागत नाही, ते स्वतः बंद करतं. रोज एकच वस्तू, पाच मिनिटं.

येळ्ळूर_गड :
पावसाळा सरला की चांदोबा. कार्तिकापासून पुढं आपल्याकडं आभाळ मोकळं असतं. अमावास्येनंतर बीजेची कोर सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला अगदी खाली दिसते आणि तासाभरात मावळते. म्हणून इमारतींच्या आड जात नाही अशी जागा आधी बघून ठेवा. वाटी उपडी ठेवून वहीत चौदा गोल काढा. रोज त्याच जागी उभं राहून, त्याच वेळेला, जेवढा चंद्र उजळ तेवढा गोल कोरा ठेवून बाकीचा काळा रंगवायचा. पौर्णिमेनंतर तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, मुलं झोपतात. तेव्हा वही सकाळवर न्या. शाळेला जाताना पश्चिमेला फिकट चंद्र दिसतो, आणि 'दिवसा चंद्र!' हा शोध प्रत्येक मुलाला स्वतःचा वाटतो. तो त्याचाच राहू द्या.

शहापूर_पेठ :
दिवाळीच्या किल्ल्यावरची हिरवळ राहिली. बेळगावात गल्लोगल्ली किल्ले होतात, पण हळीव दरवर्षी कुणाचं तरी सडतंच. त्याचं कुणी सांगेल का?

वडगाव_शिवार :
सांगतो. हळीव भिजवून ठेवायचं नाही. पाणी लागलं की बी बुळबुळीत होऊन गोळा बनतं, मग ढिगात पडतं आणि मधलं सडतं. कोरडंच बी, बारीक मातीत किंवा वाळूत मिसळून, ओल्या उतारावर चिमटीनं भुरभुरायचं. दोन बियांत एका बीएवढी जागा दिसली पाहिजे. मुलाच्या मुठीत बी दिलं तर एकाच जागी सांडतं, म्हणून मिठाच्या डबीच्या झाकणातून शिंपडायला द्या. वरून माती टाकायची नाही. ओलं गोणपाट किंवा वर्तमानपत्र दीड दिवस झाकून ठेवा आणि मोड दिसताच काढा. उशीर झाला तर रोपं पिवळी, लांबुळकी होऊन आडवी पडतात.

पाणी ओतायचं नाही, उतारावरून बी वाहून पायथ्याशी जमतं. फवाऱ्याच्या बाटलीनं सकाळ-संध्याकाळ, माती काळपट दिसेल एवढंच. पांढरी बुरशी दिसली तर पाणी जास्त झालंय. तो तुकडा चमच्यानं काढा, एक वेळ पाणी चुकवा. मोड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, हिरवळ पाच-सहा दिवसांत. वसुबारसेला किल्ला हिरवा हवा असेल तर सहा दिवस आधी पेरा. मोहरीला एखादा दिवस जास्त द्या, गव्हाला आठ. एकाच उतारावर तिन्ही मिसळू नका, उंची वेगवेगळी होते. गहू पायथ्याला, हळीव तटाखाली. रोज सकाळी मुलाला बोटाच्या पेरानं उंची मोजू द्या. आणि पाचव्या दिवसापासून सूर्य उगवायच्या वेळी उठवा, त्या वेळी हळिवाच्या प्रत्येक पानाच्या कडेला बारीक थेंब असतात. ऊन चढलं की जातात. एक पान तोडून चाखायलाही द्या, तिखट लागतं. पण मग किल्ल्यावर रंग किंवा कीटकनाशक मारलेलं नसावं.

अनगोळ_आई :
कुंडीत, बाराही महिने चालेल का हे?

वडगाव_शिवार :
चालेल. चैत्र-वैशाखात सावलीत ठेवा आणि पाणी तीनदा द्या. बी ताजं घ्या, पुडी जुनी असली तर निम्मंच उगवतं. आधी वीस दाणे ओल्या कापसावर टाकून बघा. तीन दिवसांत पंधराच्या वर मोड आले तर बी चांगलं. मोजायचं काम अर्थात मुलाचं.